दोन फुटी टाकीत कोण कोणाबरोबर नांदेल?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी दोन फुटी टाकी आणली: २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच. दुकानदाराने "हे सगळे एकत्र चालतात" म्हणून दोन गोल्डफिश, दोन एंजल, सहा निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, सहा गप्पी, दोन 'शार्क' आणि काच साफ ठेवायला एक सकर दिला. दोन महिने झाले. तीन निऑन गायब आहेत आणि मेलेलेही सापडले नाहीत. गप्पींच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या दिसतात. गोल्डफिश सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. पाणी थोडं नळाचं, थोडं सोसायटीच्या बोअरचं. ताई विचारतात, यातला भांडखोर कोण? कोणाला काढलं म्हणजे बाकीचे सुखाने राहतील?

ताई, एखादा काढून भागणार नाही. तुमच्याकडे तेवीस मासे आले आणि ते सात जातींचे आहेत. या सात जातींना पाणी वेगवेगळं लागतं, तापमान वेगवेगळं लागतं, आणि त्यांची पूर्ण वाढ तर इतकी वेगळी आहे की तुलनाच होत नाही. मी तीस वर्षं मासे पाळतोय. लहान टाकीच्या बाबतीत माझा अनुभव एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: जाती कमी ठेवा आणि प्रत्येक जातीचे मासे जास्त ठेवा. दोन जाती, फार तर तीन. दुकानात नेमकं याच्या उलट होतं. मुलं काचेला नाक लावून "हा एक, तो एक" करत फिरतात आणि घरी येते ती एकेकट्या माशांची धर्मशाळा.

आधी टाकीचा हिशोब करू. २४ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे ३४५६ घन इंच, साधारण ५६ लिटर. वरची दोन इंच जागा आपण मोकळी सोडतो, खाली रेती आणि दगड असतात. प्रत्यक्षात पाणी उरतं ४५ लिटरच्या आसपास, म्हणजे न्हाणीघरातल्या तीन बादल्या. मासा निवडताना या तीन बादल्या डोळ्यांसमोर ठेवा. दुकानात पोहणारा दीड इंची मासा डोळ्यांसमोर ठेवू नका, कारण तो पिल्लू आहे. "एका इंचाला अमुक लिटर" असा जो हिशोब सांगतात तो छोट्या, सडपातळ माशांपुरता ठीक आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि त्याची विष्ठा वजनाच्या हिशोबाने वाढते, लांबीच्या नाही. एक सहा इंची गोल्डफिश म्हणजे सहा निऑन, हे गणित म्हणूनच चुकतं.

आता तुमचे निऑन कुठे गेले ते सांगतो, कारण हे माझ्या घरीही घडलं आहे. सुरुवातीच्या काळात मी तीन फुटी टाकीत बारा निऑन आणि दोन एंजल एकत्र ठेवले होते. एंजल तेव्हा जुन्या रुपयाएवढे होते. पाचसहा महिने सगळे गुण्यागोविंदाने राहिले, माझी खात्रीच पटली की जमलं. मग दर दोन दिवसांनी मोजणीत एक निऑन कमी भरायला लागला. मी फिल्टर उघडून पाहिला, टाकीमागे पडलाय का ते पाहिलं, घरातल्या मांजरावरही संशय घेतला. शेवटी एका रात्री दिवे बंद करून दोन तास थांबलो आणि टॉर्च लावली. अंधारात निऑनचा तो झगझगीत निळा पट्टा विझतो, मासा फिकट पडतो आणि पाण्यात जवळजवळ स्थिर राहतो. एंजल मात्र वनस्पतीच्या पानाआड सावध होता, आणि त्याच्या तोंडातून निऑनची शेपटी बाहेर दिसत होती. अजून हलत होती.

त्यात एंजलचा दोष काही नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशा छोट्या माशांवर तो जगतोच. चपटा आणि देखणा असल्यामुळे आपण त्याला शोभेचा समजतो, पण तो सिक्लिड कुळातला शिकारी आहे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या त्याचं खाद्य होतो, एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे अपघात टळतात. आणि तोंड आजचं मोजायचं नाही, पूर्ण वाढल्यावरचं मोजायचं. शिवाय एंजलचे वरचे-खालचे पर धरून त्याची उंची आठ इंचांपर्यंत जाते. बारा इंच उंचीच्या टाकीत रेती आणि मोकळी जागा वजा केली तर त्याला सरळ उभं राहायलाही जेमतेम जागा. एंजल पाळायचे तर टाकी किमान दीड फूट उंच हवी.

गप्पींच्या शेपट्या टायगर बार्ब कुरतडतात. हा मासा सतत हुंदडणारा आहे, थव्यात एकमेकांच्या मागे धावण्यात त्याचा सगळा दिवस जातो. आठदहा असले तर ही धावाधाव त्यांच्या आपसातच राहते. चारच असले तर ती बाहेर सांडते, आणि समोर गप्पीसारखी लांब, मऊ, हळू हलणारी शेपटी असेल तर ती त्यांना आयतीच मिळते. एंजलच्या खालच्या दोन लांब तंतूंचीही तीच गत होते. ज्यांना टायगर बार्बच आवडतात त्यांनी दोन फुटी टाकीत आठ टायगर बार्ब ठेवावेत आणि दुसरं काही ठेवू नये. ती टाकी फार जिवंत दिसते.

'शार्क' हा शब्द आपल्या दुकानांत तीनचार वेगळ्या माशांना लावतात. तुमचे ते करड्या-रुपेरी अंगाचे, काचेवर धडका देणारे मासे असतील तर ते पंगास आहेत. आंध्रात तळ्यांमध्ये जेवणासाठी याचीच शेती होते आणि हॉटेलात 'बासा' म्हणून बहुधा हाच पुढ्यात येतो. नदीत तो मीटरभरापेक्षा लांब वाढतो. घाबरट असतो, थव्याने राहतो, आणि दोन फुटांच्या काचेत आयुष्यभर नाक आपटत राहतो. हा मासा घरातल्या कुठल्याच टाकीसाठी नाही. सकरही तसाच. दोन इंचाचा असताना काच चाटतो, पुढे फूटभर होतो, काचेचं शेवाळ सोडून देतो आणि टाकीत सगळ्यांत जास्त घाण तोच करतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, खादाड मासा. त्याला विशीच्या आसपासचं तापमान मानवतं, निऑन-एंजलना पंचविशीच्या आसपासचं. एकाच पाण्यात दोघांपैकी एक कायम गैरसोयीत राहणार.

गोल्डफिश सकाळी वर येतात त्याकडे मात्र आजच लक्ष द्या. पाण्यात प्राणवायू कमी पडतोय किंवा अमोनिया वाढलाय, बहुतेक दोन्ही. माशांच्या विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण पहिल्याच दिवशी तेवीस मासे सोडलेले असतात. त्यात बोअरचं पाणी क्षारयुक्त आणि बहुधा अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त घातक ठरतो. आज एक बादली पाणी काढून तेवढंच क्लोरीन काढलेलं पाणी घाला, दोन दिवसांनी पुन्हा तेच करा, दाणा निम्म्यावर आणा, एअर पंप रात्रीही चालू ठेवा. स्पंज नळाखाली धुवू नका. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यातच तो दोनदा पिळा, नाहीतर नळातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पाण्याचं मी जरा विस्ताराने सांगतो, कारण मासे कोणाबरोबर राहतील हे मुळात पाणी ठरवतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाकडून येणारं पाणी मृदू आहे. बोअरचं पाणी खडकातले क्षार घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड आहे. घरी आरओ असेल तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, मिळणं अवघड नाही. तो नेमका जडपणा मोजत नाही, पण अंदाज देतो. मी ढोबळमानाने दीडशेच्या खाली मृदू आणि चारशेच्या वर जड धरतो. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं देणारी मंडळी जड पाण्यात खुलतात. मॉली मृदू पाण्यात हमखास आजारी पडते, पर मिटून जागच्या जागी डोलत राहते. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, पानं कुजून चहासारख्या झालेल्या मृदू, आम्लधर्मी पाण्यातला. दुकानात येणारे निऑन बहुतेक सगळे शेतीतले असतात, म्हणून मध्यम पाणी चालवून घेतात, पण निव्वळ बोअरच्या पाण्यात ते वर्षभरही टिकताना मी फारसे पाहिले नाहीत. मॉली आणि निऑन दोघंही 'शांत' असल्याने दुकानात शेजारी शेजारी असतात. स्वभाव जुळतो, पाणी जुळत नाही.

म्हणून ताई, आधी ठरवा की टाकीत कायम कोणतं पाणी घालणार. आज नळाचं, उद्या बोअरचं असं करू नका. ही अदलाबदल माशांना कोणत्याही एका पाण्यापेक्षा जास्त त्रास देते.

नळाचं पाणी नियमित मिळत असेल आणि ते मृदू निघालं तर तुमच्या टाकीसाठी मी हे सुचवेन: आठ निऑन, पाच कोरिडोरास (तळाला राहणारा छोटा मिशाळ मासा) आणि हनी गुरामीची एक जोडी. निऑन मधल्या थरात फिरतात, कोरिडोरास तळाला, गुरामी वरच्या अंगाला झाडांमध्ये. कोणाचं तोंड कोणाला गिळण्याएवढं नाही. हनी गुरामी आपल्याकडचाच मासा आहे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. नर रंगात आला की मधासारखा पिवळा होतो आणि गळ्याखाली काळसर निळा पडतो. पुढचे दोन बारीक धाग्यांसारखे पर तो बोटांसारखे पुढे करतो आणि जे दिसेल त्याला हात लावून बघतो, झाडाला, दगडाला, शेजाऱ्याला. त्यासाठी तरी हा मासा पाळावा. दुकानात ड्वार्फ गुरामी जास्त भडक दिसतो, पण त्याचे दोन नर दोन फुटांत एकमेकांना जगू देत नाहीत. तीनठिपकी निळा गुरामी तर आणखी दांडगा.

कोरिडोरासबद्दल दोन गोष्टी. तो 'टाकी साफ करणारा' म्हणून विकतात आणि मग त्याला कोणी खायलाच घालत नाही. त्याला स्वतःचं खाणं लागतं: रात्री दिवा बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका. तळाला टोकदार खडी असेल तर त्याच्या मिशा झिजतात, म्हणून बारीक गोल रेती हवी. अधूनमधून तो सुर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि परत खाली येतो. घाबरू नका, तो हवा आतड्यातून वापरतो. आणि त्याला जाळीने पकडू नका. पराच्या पुढचा काटा जाळीत अडकतो, सोडवताना मासा जखमी होतो आणि काटा आपल्यालाही टोचतो. प्लास्टिकच्या वाटीत हळूच वळवून घ्यायचा.

बोअरचंच पाणी वापरावं लागणार असेल तर निऑनचा विचार सोडा. सहा गप्पी आणि पाच ब्राँझ कोरिडोरास ठेवा. हा कोरिडोरास पाण्याच्या बाबतीत जास्त सोशिक आहे. गप्पी सगळे नर घ्या. मादी महिन्याला पिल्लं टाकते आणि नर काढून घेतला तरी पुढे काही महिने टाकत राहते, तीन बादल्यांची टाकी दिवाळीपर्यंत भरून जाते. माद्या हव्याच असतील तर एका नरामागे दोन-तीन ठेवा, म्हणजे एकीच्याच मागे लागून तिला तो दमवत नाही.

तिसरा पर्याय नाशिकच्या थंडीचा विचार करून सांगतो. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. हीटर लावायचा नसेल तर झेब्रा डॅनिओ घ्या, आठदहा, आणि सुरुवातीला तेवढेच. हा गंगेच्या खोऱ्यातला मासा. १८२२ साली हॅमिल्टनने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये त्याच्यावर आनुवंशिकतेचा अभ्यास चालतो. अठरा ते अठ्ठावीस अंश तो सहज पेलतो, पाणी मृदू असो की मध्यम जड. टाकीला झाकण मात्र पाहिजे, चांगला उडी मारतो. लांब शेपटीच्या गप्पींबरोबर मी त्याला ठेवत नाही. बाकी दोन्ही पर्यायांत पन्नास वॉटचा हीटर घ्याच. दिवसा सव्वीस आणि पहाटे एकोणीस असे हेलकावे बसले की माशांच्या अंगावर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. हिवाळ्यात पाणी बदलताना ताजं पाणी कोमट करून टाकीच्या तापमानाला आणायचं, हात घालून फरक जाणवता कामा नये.

डेनिसन बार्बचा मोह बऱ्याच जणांना होतो. रुपेरी अंगावर काळा पट्टा, त्यावर लाल रेघ. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांतला हा मासा. त्याच्या प्रजातीला २०१३ साली 'सह्याद्रिया' असं नाव मिळालं, आपल्या सह्याद्रीवरून. मलाही तो अतिशय प्रिय आहे, आणि म्हणूनच सांगतो की दोन फुटांत त्याला कोंडू नका. सहा इंचांपर्यंत वाढणारा, वाहत्या पाण्यात थव्याने पळणारा मासा आहे. त्याला चार फुटी टाकी लागते. नैसर्गिक अधिवासात तो धोक्यात आहे, तेव्हा घ्यायचाच असेल तर शेतीत वाढवलेलाच मागा.

फायटर एकटाच ठेवा. रंग टोचून रंगवलेले काचमासे घेऊ नका, त्या सुईने किती मरतात हे विकणारा सांगत नाही.

आता आहेत त्या माशांचं काय करायचं? दुकानदाराशी बोला, बरेच जण मासे परत घेतात, पैसे नाही तरी बदली मासे देतात. शार्क, सकर, गोल्डफिश, एंजल आणि टायगर बार्ब परत द्या. उरलेले तीन निऑन आणि सहा गप्पी तूर्त राहू देत, पाणी ठरलं की त्यातले कोण राहणार ते ठरेल. एक हात जोडून विनंती: दुकानदार घेत नाही म्हणून गोदावरीत, गंगापूर धरणात किंवा विहिरीत एकही मासा सोडू नका. उजनीत सकर कसा पसरलाय ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. जाळ्यात तोच येतो, काटेरी कवचाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो कोणाच्या तरी काचेच्या टाकीतूनच नदीला पोचला. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. मुलांना ते लगेच समजतं.

नवे मासे लगेच आणू नका. तीन आठवडे थोड्याच माशांवर टाकी चालू द्या, दर आठवड्याला पाव पाणी बदला, एकदोन पाणवनस्पती लावा, व्हॅलिस्नेरिया कुंडीत किंवा जावा फर्न दगडाला बांधून. मग आधी कोरिडोरास आणा, दोन आठवड्यांनी निऑन, आणि गुरामी सगळ्यांत शेवटी, म्हणजे तो आल्या आल्या पूर्ण टाकीवर हक्क सांगत नाही. दुकानात गेलात की आधी विचारा, हा माल कधी आला? कालच आलेला मासा घेऊ नका, दुकानात आठवडाभर टिकलेला घ्या. दुकानदाराला दोन दाणे टाकायला सांगा. जो खायला धावतो तो घ्या, जो कोपऱ्यात पर मिटून उभा आहे तो नको. त्याच काचेत एक जरी मेलेला दिसला तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घरी पिशवी पंधरावीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत जा आणि शेवटी फक्त मासा टाकीत घ्या. दुकानाचं पाणी बेसिनमध्ये.

नळाच्या आणि बोअरच्या पाण्याचा वेगवेगळा टीडीएस मोजून मला कळवा, आणि शक्य झालं तर सकाळी सहाला टाकीतल्या पाण्याचं तापमानही. एवढं कळलं की या तीनपैकी कोणता पर्याय तुमच्या टाकीचा ते नक्की सांगता येईल.